नवा वस्ताद

ज्या विद्येचा आपणांस गंधही नाहीं, त्या विद्येच्या गुरूची पारख करण्यांत मनुष्यास एक विलक्षण आनंद होत असतो. वैद्यास नांवें ठेवण्यासाठीं वैद्यक यावें लागत नाहीं, आणि गवयाचा आवाज बसला हें सांगण्यासाठीं स्वतःचा षड्ज लागावा लागत नाहीं. आमच्या घरीं ही कला वाडवडिलांपासून चालत आलेली आहे. तथापि सन २०२५ च्या श्रावणापासून कार्तिकापर्यंत जो वाद आमच्या ओसरीवर चालला, त्याला मागील कोणत्याही वादाची सर येणार नाहीं. वादाचा विषय होता भारताच्या फुटबॉल संघाचा नवा मुख्य प्रशिक्षक. आणि वाद घालणारे आम्ही, राहणार लोहारा, जिल्हा धाराशिव!

लोहारा हें उमरग्याच्या शेजारचें तालुक्याचें गांव. काळी जमीन, तूर, हरभरा आणि अलीकडे जिकडेतिकडे सोयाबीन. माकणीस तेरणेवरचें धरण. आणि तालुक्यांतच तें सास्तूर, ज्याचें नांव ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानें साऱ्या देशास कळलें. खेळाचें म्हणाल तर आमचा मुलूख कुस्तीचा, कबड्डीचा आणि खोखोचा. खोखोंत तर जिल्ह्यानें नांव काढलें आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखालीं २०१६ सालीं गुवाहाटीस दक्षिण आशियाई स्पर्धेंत भारताच्या महिलांनीं सुवर्णपदक मिळविलें, आणि २०२० सालीं त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलशीं आमचा संबंध इतकाच, कीं चार वर्षांतून एकदां विश्वचषकाचे सामने आले म्हणजे आपण ब्राझीलचे कीं अर्जेंटिनाचे एवढें ठरवून घ्यावयाचें. तेथें आपला स्वतःचा संघ नसतो, याचें कोणास वाईट वाटल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

हें वाईट वाटणें आमच्या घरांत आणलें तें थोरल्या बंधूंच्या चिरंजिवानें. अभियांत्रिकी शिकण्यासाठीं तो चार वर्षें कोल्हापुरास होता. कोल्हापुरांत फुटबॉलचा खेळ आणि कुस्तीची तालीम हीं दोन निराळीं घरें नव्हत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम अशीं फुटबॉलच्या संघांचीं नांवें. तालमीची जी ईर्षा तीच मैदानावर. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठाच्या पेठा तिकडे लोटतात, आणि हरलेल्या पेठेंत त्या रात्रीं जेवण गोड लागत नाहीं, असें तो सांगे. पदवी घेऊन तो पुण्यास नोकरीला लागला खरा, परंतु सुटींत घरीं आला कीं पगाराच्या गोष्टी पांच मिनिटें आणि फुटबॉलच्या दोन तास. आमच्या घरांत तिघे बंधू एकत्र नांदतात. थोरले दादा निवृत्त मुख्याध्यापक, मधले अण्णा बँकेंतून निवृत्त, आणि आम्ही धाकटे, मराठीचे शिक्षक. तिघांनाही श्रोते मिळण्याची संवय आणि ऐकण्याची संवय नाहीं. तेव्हां या मुलाच्या व्याख्यानांस लवकरच वादाचें स्वरूप आलें, हें वाचकांस सांगावयास नकोच.

१ ऑगस्ट २०२५ रोजीं अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें खालिद जमील यांची नेमणूक जाहीर केली. अखेरच्या निवडींत तिघे उरले होते : एक स्लोव्हाक, एक इंग्रज आणि हे जमील. इंग्रज गृहस्थ स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनीं तर ही गादी पूर्वीं दोन वेळां सांभाळलेली. जमील यांचा जन्म कुवेतचा. पण खेळाडू म्हणून व शिक्षक म्हणून ते वाढले मुंबईंत. महिंद्र युनायटेडकडून ते खेळले, आणि पुढें मुंबई एफसी या संघास त्यांनीं अनेक वर्षें शिकविलें. त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें तें २०१७ सालीं. मिझोरमचा ऐझॉल संघ आदल्या वर्षीं खालच्या श्रेणींत ढकलला गेला होता. गोव्याच्या संघांनीं माघार घेतली म्हणून त्यास जागा मिळाली. आणि त्याच संघानें जमील यांच्या हाताखालीं मोठमोठ्या धनाढ्य संघांस मागें टाकून आय-लीगचें विजेतेपद पटकावलें. आतां तेरा वर्षांनंतर प्रथमच राष्ट्रीय संघाच्या गादीवर भारतीय मनुष्य बसला होता.

दादांस एवढें पुरे झालें. “तेरा वर्षें आपण परक्याच्या ओंजळीनें पाणी प्यालों,” ते म्हणाले, “डच झाले, इंग्रज झाले, क्रोएशियाचे झाले, स्पेनचे झाले. आपल्या पोरांची भाषा जाणणारा पंतोजी कधीं आणला का ?”

“दादा, स्वदेशीचें व्रत मलाही मान्य आहे,” अण्णा म्हणाले. “पण तेरा वर्षांपूर्वीं कोण होते ? गोव्याचे सावियो मदेरा. स्वदेशीच कीं नाहीं ? दक्षिण आशियांत जिंकले, आणि पुढच्या मार्चांत आशियाच्या चॅलेंज कपांत तीन सामने खेळले ते तिन्ही हरले. लगेच त्यांस निरोप. विद्या जेथें असेल तेथून आणावी. तिचें गोत्र काय विचारावयाचें?”

“स्टिमाच विद्या घेऊनच आले होते ना ? १९९८ च्या विश्वचषकांत क्रोएशियाला तिसरें स्थान मिळालें, त्या संघांतले ते. पांच वर्षें राहिले. २०२४ च्या जूनमध्यें त्यांसही घालविलेंच.” हें दादांस कोठून ठाऊक, याचें आम्हांस आश्चर्य वाटलें. मागाहून कळलें कीं दुपारच्या वेळीं ते नातवंडांच्या मोबाइलवर अभ्यास करीत असत.

खेळाच्या पद्धतीविषयींही मतभेद होता. पुतण्यानें समजावून सांगितलें कीं जमील यांची रीत सावधपणाची : सर्वांनीं मिळून प्रथम आपला गड राखावयाचा, समोरच्यास चेंडू खुशाल खेळवूं द्यावयाचा, आणि तो बेसावध सांपडला कीं वेगानें चाल करून जावयाचें. “म्हणजे गनिमी कावा !” दादांचे डोळे चमकले. “गनिमी काव्यानें लूट मिळते,” अण्णा शांतपणें म्हणाले, “पण समोर इराणसारखी फौज उभी राहिली म्हणजे मैदानी लढाई यावी लागते.” अण्णांचें हें वाक्य महिन्याभरांत खरें ठरावयाचें होतें.

आमच्या मातोश्री कोपऱ्यांत वाती वळीत हें सर्व ऐकत होत्या. त्यांस चेंडूचा खेळ हातानें खेळतात कीं पायानें येथपासून शंका. त्या म्हणाल्या, “नवी सून येऊन पंधरा दिवस झाले नाहींत, तोंच तिच्या हाताला चव नाहीं म्हणणारीं घरें मीं पाहिलीं आहेत. आधीं तिला चूल तरी कळूं द्या.”

आम्हांस त्या वेळीं हें बोलणें केवळ गंमतीचें वाटलें नाहीं. तालमींत वस्तादापाशीं पोर येतें तें आठदहा वर्षांचें. तो त्याला माती उकरावयास लावतो, त्याचें खाणेंपिणें पाहतो, त्याच्या खांद्याचा कल आणि स्वभावाचा ताठा दोन्ही ओळखतो. आणि दहा वर्षांनीं जो मल्ल उभा राहतो तो त्या वस्तादाचा असतो. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाचें तसें नाहीं. त्याच्या हातीं दुसऱ्यांनीं वाढविलेलीं मुलें येतात, तींही दहापंधरा दिवसांपुरतीं. वाकडें वळण लागलेलें असलें तर तें मोडण्यास वेळ नाहीं, आणि चांगलें असलें तर त्याचें श्रेय त्याचें नाहीं. त्यांतून २०२५ च्या जुलैंत देशांतली मुख्य स्पर्धा जी इंडियन सुपर लीग, तीच महासंघाच्या व तिच्या चालकांच्या कराराचा उलगडा न झाल्यामुळें लांबणीवर टाकण्यांत आली होती. म्हणजे खेळाडूंस नित्याचे सामनेच नाहींत. रियाजाविना गवई बैठकीस बसवावयाचा आणि साथीदारास दोष द्यावयाचा, असा हा प्रकार होता.

दादांनीं आपल्या पक्षासाठीं एक मोठा साक्षीदार काढला, आणि तो आमच्या घरांतलाच निघाला. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आमचा हा भाग निजामाच्या राज्यांत होता. शिकावयाचें तर हैदराबादेस जावें लागे. आमचे आजोबा तेथें शिकले होते, आणि हैदराबादच्या सिटी पोलिस संघाच्या गोष्टी ते आम्हां मुलांस सांगत. त्या संघाचे वस्ताद सय्यद अब्दुल रहीम. आजोबांच्या तोंडीं ‘रहीमसाहेब’. त्यांच्या संघानें १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. राष्ट्रीय संघ त्यांच्या हातीं असतांना भारतानें १९५१ सालीं दिल्लीस इराणला आणि १९६२ सालीं जकार्तास दक्षिण कोरियाला हरवून आशियाई सुवर्णपदक मिळविलें. जकार्ताच्या वेळीं रहीमसाहेब कर्करोगानें आजारी होते. पुढच्याच वर्षीं ११ जूनला ते गेले. त्यांच्यावरचा ‘मैदान’ हा हिंदी बोलपट २०२४ सालीं निघाला, तो आमच्या घरीं सर्वांनीं मिळून पाहिला. मातोश्रींनीं डोळे पुसले, आणि हा खेळ पायानें खेळतात हें त्यांस तेव्हां कळलें होतें, परंतु पुढें त्या विसरल्या.

“आणि मूळचे ते कोण होते ?” दादा विचारीत. उत्तरही त्यांचेंच असे : “शाळामास्तर !”

पुतण्यानें मात्र या साक्षीदाराची उलटतपासणी केली. “बाबा, १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें काय झालें तें सांगा कीं. युगोस्लाव्हियाशीं सामना. आपला एक गोल, त्यांचे दहा.”

ओसरीवर क्षणभर शांतता झाली. दहा गोल ! आमचे पुष्कळसे खेळाडू त्या गारठ्यांत अनवाणी खेळले होते. त्यानंतरच महासंघानें बूट सक्तीचे केले. पुतण्याचें म्हणणें असें, कीं आजच्या काळीं असा निकाल लागता तर रहीमसाहेबांस विमानतळावरच बडतर्फीचें पत्र मिळालें असतें. तेव्हां तसें झालें नाहीं. चार वर्षांनीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें संघ पुन्हां त्यांच्याच हातीं होता. तेथें मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझानें ऑस्ट्रेलियावर एकट्यानें तीन गोल केले, भारत चार विरुद्ध दोन असा जिंकला, आणि उपान्त्य फेरीपर्यंत जाऊन चौथा आला. तेवढी मजल भारतानें ऑलिंपिकमध्यें त्यापूर्वीं मारली नव्हती, कीं त्यानंतरही मारली नाहीं. पहिल्या दहा गोलांनंतर जर गुरु बदलला असता, तर दादांस आज अभिमानानें सांगावयास शाळामास्तर कोठून मिळाला असता ?

असो. २९ ऑगस्टला, गणपति घरीं बसलेले असतांना, जमील यांचा पहिला सामना ताजिकिस्तानांत ताजिकिस्तानशींच झाला आणि भारत दोन विरुद्ध एक असा जिंकला. दादांनीं आरतीनंतर पेढे वांटले. १ सप्टेंबरला घरांत महालक्ष्म्यांचें पूजन. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सवाष्णी यांची धांदल. आणि त्याच दिवशीं इराणनें आपणांस तीन गोलांनीं हरविलें. अण्णा कांहीं बोलले नाहींत, फक्त पुरणपोळी वाढून घेतांना “मैदानी लढाई,” एवढें पुटपुटले. पुढें अफगाणिस्तानाशीं बरोबरी झाली, आणि तिसऱ्या स्थानाच्या सामन्यांत ओमानला पेनल्टींच्या जोरावर हरवून संघ परतला. ओमानला आपण त्यापूर्वीं कधीं हरविलें नव्हतें. या दौऱ्यांत जमील यांनीं सुनील छेत्री यास बाहेर ठेवलें होतें. एकेचाळीस वर्षांच्या, निवृत्त होऊन परत आलेल्या त्या खेळाडूस पुढें बोलवावें कीं न बोलवावें, यावर आमच्या घरीं दोन रात्रीं गेल्या. आम्ही बोलवावें या मताचे होतों; अर्थात् आमचेंही वय पाहतां तें मत निरपेक्ष मानण्याचें कारण नाहीं.

मग पाऊस आला. सप्टेंबरच्या उत्तरार्धांत मराठवाड्यावर आभाळ कोसळलें. आमच्या जिल्ह्यांत परंडा, भूम या बाजूला गांवेंच्या गांवें पाण्यांत गेलीं, जनावरें वाहून गेलीं, शेतांतली माती खरवडून निघाली. आमच्या घरच्या जमिनीचें तितकें नुकसान झालें नाहीं. पण सोयाबीन कापणीस आलेलें उभें भिजलें, शेंगांना कोंब फुटले. त्या पंधरा दिवसांत ओसरीवर फुटबॉलचें नांव कोणी काढलें नाहीं. दादा रोज सकाळीं छत्री घेऊन शेतावर जात आणि परत येऊन नुसते बसून राहत.

ऑक्टोबरांत आशिया चषकाच्या पात्रतेचे सामने आले. ९ तारखेस सिंगापूरला आपण दहाजण उरले असतांही अखेरच्या क्षणीं बरोबरी साधली. १४ तारखेस त्याच सिंगापूरशीं मडगांवच्या फातोर्डा मैदानावर, आपल्या घरच्या प्रेक्षकांपुढें, प्रथम छांगतेनें गोल करून आघाडी मिळविली आणि नंतर दोन गोल खाऊन सामना घालविला. २०२७ च्या आशिया चषकाचें दार त्या रात्रीं बंद झालें. नेमणुकीपासून बरोबर चौऱ्याहत्तर दिवस झाले होते.

पुतण्या दिवाळीस आला तो या पराभवाचें सुतक घेऊनच येईल, असें आम्हांस वाटलें होतें. तो आला तो निराळीच वार्ता घेऊन. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानानंतर फराळास सर्व मंडळी बसलीं असतां त्यानें सांगितलें, कीं पुण्याची नोकरी सोडावयाचें त्यानें ठरविलें आहे. प्रशिक्षकाच्या सर्वांत खालच्या पायरीचा दाखला तो घेणार आणि लोहाऱ्यास राहून मुलांना फुटबॉल शिकविणार.

दादांचा लाडू हातांतच राहिला. त्यानंतर ते जें बोलले तें सविस्तर लिहिण्यासारखें नाहीं. सारांश असा, कीं शेतांत सोयाबीन कुजलें आहे. बहिणीचें लग्न ठरावयाचें आहे. घरांतला पहिला अभियंता. आणि तो कोणत्या गांवीं काय शिकविणार, तर लोहाऱ्यांत फुटबॉल! येथें धड मैदान नाहीं, खेळणारीं मुलें नाहींत, फी देणारे बाप नाहींत. प्रशिक्षक होऊन पोट भरतें काय ? आणि भरलें तरी किती दिवस ? तीन सामने हरला कीं घरीं !

अण्णांनीं या वेळीं दादांचीच बाजू घेतली. तीन महिन्यांत प्रथमच दोघांचें एकमत झालें. खरें सांगावयाचें तर दादांची भीति पोकळ नव्हती. आपल्या घरांतून शिक्षणास जो मान मिळतो तो पदवी देणाऱ्या शिक्षणास. शरीराच्या विद्येचा गुरु आम्हांस दुसऱ्याच्या घरीं असलेला बरा वाटतो. त्यांतून यंदाचें पीक असें. मुलाच्या पगारावर दादांनीं मनांत कांहीं बेत बांधले होते, आणि ते सर्व बेत मुलीच्या लग्नाचे होते, स्वतःच्या चैनीचे नव्हते.

तेव्हां बोलल्या त्या वहिनी. त्या तीन महिन्यांच्या वादांत त्यांनीं चहा आणण्यापलीकडे भाग घेतला नव्हता. “अहो,” त्या म्हणाल्या, “त्या जमील साहेबांसाठीं तुम्ही श्रावणापासून ही ओसरी डोक्यावर घेतलीत. आपल्या देशांत वस्ताद तयार झाले पाहिजेत म्हणालात. ते कोणाच्या घरीं तयार व्हावयाचे ? त्यांच्याही वडिलांनीं कधींतरी विचारलेंच असेल, कीं यानें पोट भरतें काय म्हणून.”

दादा उठून शेतावर गेले. पाऊस नव्हता, तरी छत्री घेऊन गेले.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मुलास बोलावून अटी सांगितल्या. नोकरी एकदम सोडावयाची नाहीं; दाखला हातीं येईपर्यंत ती चालूं ठेवावयाची. त्यानंतर दोन वर्षें. सकाळीं शेत पाहावयाचें, दुपारीं दहावीच्या मुलांना गणित शिकवावयाचें, आणि संध्याकाळीं काय तो चेंडू. दोन वर्षांनीं हिशेब. “आणि मधल्या काळांत ?” पुतण्यानें विचारलें. “मधल्या काळांत कोणी कांहीं विचारणार नाहीं,” दादा म्हणाले, आणि अण्णांकडे रोखून पाहिलें.

१८ नोव्हेंबरला ढाक्यास बांगलादेशनें आपणांस एका गोलानें हरविलें. बावीस वर्षांत त्या देशाकडून असा पराभव झाला नव्हता. अण्णा दुसऱ्या सकाळीं वर्तमानपत्र घडी करून ओसरीवर आले, आणि तोंड उघडणार तोंच दादा म्हणाले, “साडेतीन महिने झाले आहेत. हेलसिंकीनंतर चार वर्षें दिलीं होतीं.” अण्णा म्हणाले, “तो काळ निराळा होता. आणि तो मनुष्यही निराळा असेल. हे जमील रहीम होतील याला आधार काय?” याला दादांपाशीं उत्तर नव्हतें, आणि आमच्यापाशींही नाहीं. रहीमसाहेबांस वेळ मिळाला म्हणून ते मोठे झाले, कीं ते मोठे होते म्हणून मिळालेला वेळ सार्थकीं लागला, हें आतां कोणी सांगावें ? दोघे भाऊ त्या दिवशीं जेवणापर्यंत भांडले, आणि पुष्कळ दिवसांनीं घरांत बरें वाटलें.

इकडे पुतण्यानें दादांकडे सामानाची यादी पाठविली : खुणेच्या टोप्या, दोन जाळ्या, एक पंप आणि बारा चेंडू. दादांनीं चष्मा लावून ती दोनदां वाचली, उमरग्याच्या दुकानीं फोन करून एका चेंडूची किंमत विचारली, आणि ती ऐकून चष्मा काढला. मग मुलास फोन लावून म्हणाले, “बावीसजण एकाच चेंडूमागें धांवतात ना ? मग बारा कशाला ?”